सतरा दिवसांचा आवाज

आमच्या ग्रंथालयात टाइपरायटर उरला नव्हता, तरी त्यांना सगळे टायपिस्टबाईच म्हणायचे. बाविसाव्या वर्षी त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. पुढे टाइपरायटर भंगारात गेला, टेबल बदललं, खुर्ची दोनदा बदलली, नाव मात्र चिकटून राहिलं. नवीन माणूस विचारायचा, "टायपिस्टबाई काय टाइप करतात?" आम्ही म्हणायचो, "काही नाही. त्या कॉम्प्युटर सांभाळतात." यावर तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्ही त्याची थट्टा करतोय.

ग्रंथालय दृष्टिहीन वाचकांचं. म्हणजे पुस्तकं कुणीतरी मोठ्याने वाचायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि वाचकांना ऐकायला द्यायची. खालच्या मजल्यावर देवघेवीची खिडकी, तिथे मी बसायचो. वरच्या मजल्यावर साहेबांची खोली, बाईंचं टेबल आणि शेवटी ध्वनिमुद्रणाची खोली. ती पूर्वी कोठीची खोली होती. भिंतींना स्पंज चिकटवलेला, खिडकी कायमची बंद. पंख्याचा आवाज माइकमध्ये यायचा, म्हणून वाचताना पंखाही बंद. दर चाळीस मिनिटांनी वाचणारा माणूस घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि जिन्यात उभा राहून वारा खायचा.

आधी कॅसेटी होत्या. मग एका देणगीदाराने कॉम्प्युटर दिला आणि तो बसवायला एक इंजिनियर पाठवला. भला माणूस होता. दोन दिवस खपून त्याने सगळं लावून दिलं, एका चिठ्ठीवर पासवर्ड आणि स्वतःचा फोन नंबर लिहून दिला आणि निघून गेला. वर्षभराने तो नंबर लागेनासा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कुणीतरी आणखी एक डिस्क देणगी दिली, ती दुकानातल्या माणसाने येऊन बसवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस्स.

साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "गेला." मी बघितलं आणि मलाही तसंच वाटलं. काळा पडदा दिसला की माणूस वाचायचं सोडून देतो. बाई मात्र चष्मा लावून समोर बसल्या.

"काय करताय बाई?" मी विचारलं.

"वाचतेय. कुणीतरी एवढं लिहिलंय तर वाचायला काय हरकत आहे?"

पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचून टाइप केलेलं. त्यांना अक्षरांची भीती नव्हती. पडद्यावर जे लिहिलं होतं ते त्यांनी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, शब्दकोश काढला, आणि दुपारपर्यंत त्यांना एवढं कळलं की यंत्र बिघडलेलं नाही. ते कशाची तरी वाट बघतंय, आणि ते काहीतरी त्याला सापडत नाहीये.

पुढचे तीन दिवस त्यांनी त्यातच घातले. कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन पानंच्या पानं छापून आणली. घरी डब्याच्या पिशवीतून ती पानं जायची आणि डब्याबरोबर परत यायची, कडांवर पेन्सिलीच्या खुणा घेऊन. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवलं. दाखवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला.

कॉम्प्युटरमध्ये एक छोटी फाइल असते. तिचं नाव एफएसटॅब. आमच्या कॉम्प्युटरवर तिच्यात उण्यापुऱ्या चार ओळी होत्या. कॉम्प्युटर सुरू होताना ती फाइल वरून खाली वाचतो. एकेक ओळ म्हणजे एकेक हुकूम. अमुक डिस्क घे, अमुक फोल्डरवर जोड, तिच्यावरच्या फाइली अशा पद्धतीने मांडलेल्या आहेत, आणि जोडताना या अटी पाळ. शेवटी दोन आकडे, त्यातला एक डिस्कची तपासणी केव्हा करायची ते सांगणारा. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. जोडली नाही तर डिस्क पेटीत असूनही नसल्यासारखी.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"इंजिनियरने लिहिलं होतं, दुसरी डिस्क घे. त्या वेळी दुसरी म्हणजे आपलीच होती. आता मध्ये नवीन आली, ती दुसरी झाली आणि आपली तिसरी. हा बिचारा दुसरीला जाऊन विचारतोय, तुझ्यावर आमचं सामान आहे का? ती म्हणते, मी कालच आलेय."

उपाय असा होता की डिस्कला पहिली-दुसरी म्हणायचंच नाही. प्रत्येक डिस्कवर एक लांबलचक क्रमांक कोरल्यासारखा असतो, छत्तीस अक्षरांचा. तो लिहायचा. मग डिस्क कितव्याही जागी बसवा, ओळख पटते. पण त्या काळ्या पडद्यावर माउस चालत नव्हता. छत्तीस अक्षरं हातानेच उतरवायची होती. बाईंनी वहीत बघत, पडद्याकडे न बघता, ती एका दमात टाइप केली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. सुरू झालं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन, पण तो यंत्र चालल्याचा नव्हता. एकही अक्षर चुकलं नव्हतं, त्याचा होता.

साहेब खूश झाले. एवढंच म्हणाले, "बाई, पुन्हा असे तीन दिवस काम बंद राहायला नको. काही झालं तरी हे सुरू झालंच पाहिजे."

बाईंनी ते मनावर घेतलं. छापून आणलेल्या पानांत एक अट होती, नोफेल नावाची. ती ओळीत लिहिली की ती डिस्क सापडली नाही तरी कॉम्प्युटर अडून बसत नाही, तिला सोडून पुढे जातो. कच्च्या ध्वनिमुद्रणाची जी डिस्क होती, तिच्या ओळीत बाईंनी हा शब्द घातला. त्यानंतर नऊ वर्षं यंत्र कधी अडलं नाही.

घरी त्यांचे यजमान प्लंबर. उंच, सावकाश बोलणारा माणूस, खिशात कायम दोऱ्याचं रीळ आणि नळाचे वायसर. बाईंनी त्यांना माउंट म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे जोडणी. मग सरळ जोडणी म्हण ना."

"शब्द त्यांचा आहे, मी कोण बदलणार?" बाई म्हणाल्या होत्या. हे बाईंनीच मला सांगितलेलं. नवऱ्याची गोष्ट सांगताना त्या नेहमी तक्रारीच्या सुरात सांगायच्या आणि शेवटी हसायच्या.

निवेदककाका आमच्याकडे आले ते त्यांच्या निवृत्तीनंतर. तीस वर्षं ते बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना द्यायचे. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, आवाज मात्र झोपेतही ओळखला असता. त्यांना बसून वाचता येत नसे. "आवाज पायातून निघतो," असं म्हणायचे आणि माइक वर ओढून उभ्यानेच वाचायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक प्रकरणाचं नाव सवयीने दोन-दोनदा सांगितलं. बाईंनी समजावलं, "काका, हे लोक कुठे जायच्या घाईत नाहीत. एकदा पुरे."

चार वर्षांत त्यांनी आमच्यासाठी बावीस पुस्तकं वाचली. तेविसावं हाती घेतलं ते जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या आठवणींचं, सातशे पानांचं. निम्मं होत आलं तेव्हा त्यांचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं, थंडीने. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तारीख महिन्याभरावर दिली.

काका दुसऱ्या दिवशी आले आणि साहेबांना म्हणाले, "सव्वातीनशे पानं उरलीत. रोज यायचं म्हणतो."

कुणी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचा अधिकार कुणाला होता?

नेमकं त्याच सुमारास बाईंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बहीण एकटी राहायची, परगावी. बाईंनी तीन आठवड्यांची रजा टाकली आणि ध्वनिमुद्रण माझ्यावर सोपवलं. एका कागदावर सात ओळी लिहून दिल्या, कोणतं बटण कधी दाबायचं. "लाल दिवा लागला की सुरू. विझला की संपलं. बाकी कशाला हात लावू नका, भाऊ."

मी हात लावला नाही. पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज जाऊन आली आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. मी धास्तावलो, पण तो विनातक्रार सुरू झाला, ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम उघडला, लाल दिवा लागला. मी काकांना खूण केली.

त्यानंतर रोज, रविवार सोडून, दीड-दोन तास. काकांचा आवाज दिवसागणिक खरखरीत होत गेला, पण थांबला नाही. मधे मधे कोमट पाण्याचा घोट घ्यायचे, पान उलटायच्या आधी बोटाने खूण करायचे. शेवटच्या शनिवारी शेवटचं पान झालं. रविवारी ते दवाखान्यात दाखल झाले. सोमवारी ऑपरेशन झालं.

बाई मंगळवारी परत आल्या. त्यांची रीत ठरलेली. मोठ्या सुटीनंतर आल्या की आधी यंत्र बंद करायचं, पेटी उघडायची, ब्रशने धूळ काढायची, सगळ्या केबली एकदा अंगठ्याने दाबून घ्यायच्या आणि मग सुरू करायचं. तसं त्यांनी केलं. मग काकांचं पुस्तक कापून-जोडून तयार करायला बसल्या. दहा मिनिटांनी जिन्याच्या कठड्यावरून मला हाक मारली.

"भाऊ, तुम्ही कुठे ठेवलंय सगळं?"

"सगळं म्हणजे?"

"मी गेल्यानंतरचं. पहिल्या दिवसाचं आहे. पुढचे सतरा दिवस नाहीत."

मी वर गेलो. पडद्यावर तारखांची यादी होती आणि ती पहिल्याच दिवसाशी संपत होती.  मी सात ओळींचा कागद काढला आणि एकेक ओळ वाचून दाखवायला लागलो. बाईंनी हळूच तो माझ्या हातातून घेतला. "तुम्ही चुकलात असं मी म्हटलंय का? लाल दिवा लागत होता ना?"

"रोज. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ कशाला? लागत होता तर लागत होता."

बाई नेहमी शनिवारी कच्च्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायच्या. त्या नव्हत्या, म्हणून ती प्रतही निघाली नव्हती. मला ते काम सांगितलेलंच नव्हतं.

साहेबांना सांगावंच लागलं. ते काही ओरडणारे नव्हेत. पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून आठवते. "काहीतरी पुसलं गेलं असणार," एवढंच म्हणाले. कुणाकडून, ते म्हणाले नाहीत. खोलीत दोघेच होते त्या तीन आठवड्यांत, एक काका आणि एक मी.

साहेबांनी दुसऱ्या एका इंजिनियरला फोन लावला. त्याने फोनवरच सांगितलं, उद्या अकराला येतो. त्या डिस्कवर पुसलेलं शोधायचा प्रोग्राम चालवू, आणि यंत्र जुनं झालंय, तर सिस्टिमची डिस्क पुसून सगळं नव्याने बसवू. साहेब म्हणाले, "बसवा."

बाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, अकरापर्यंत काही पुसू नका. आणि मी बघेपर्यंत यंत्राला कुणी हात लावू नये."

त्या दिवशी संध्याकाळी घरी काय बोलणं झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. यजमान हात-पाय धुऊन बसले होते. बाईंनी सगळी हकिगत सांगितली.

"दिवा लागत होता म्हणतो ना तो?" यजमान म्हणाले.

"म्हणतो. आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही."

"मग पाणी आलंय. नळ चालू होता, मीटर फिरला, तर पाणी कुठेतरी गेलंच आहे. तू टाकीत बघतेस, टाकीत नाही. म्हणून ते आलंच नाही असं कसं म्हणतेस?"

"मग कुठे बघू?"

"ते मला काय ठाऊक? मी तुझ्या यंत्राचा प्लंबर नाही. आमच्याकडे तरी आधी ओल कुठे वाढलीय ते बघतात."

सकाळी आठलाच बाई ग्रंथालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. किल्ली माझ्याकडे, म्हणून मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. मला रात्रभर डोळा लागला नव्हता, ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. पिशवीतून सफरचंद काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खा आधी."

मग त्यांनी वही काढली. दर सोमवारी त्या प्रत्येक डिस्कवर किती जागा भरली आहे ते लिहून ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. टायपिस्टच्या काळात रिबिनी किती उरल्या ते लिहायच्या, तीच सवय पुढे चालू राहिली होती. कच्च्या ध्वनिमुद्रणाच्या डिस्कचा आकडा रजेच्या आधीच्या आकड्याहून जेमतेम वाढला होता, एका दिवसाइतका. नंतर देणगीत आलेली डिस्क जशीच्या तशी. मग सिस्टिमची डिस्क. ती एवढीशी, चाळीस गीगाबाइटची. तिच्यावर फक्त यंत्र चालवणारे प्रोग्राम. वर्षानुवर्षं तिचा आकडा हलत नसे. एकतीस टक्के, एकतीस टक्के, एकतीस टक्के, पानामागून पान तेच.

पडद्यावर आज सत्तावन्न होते.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भाऊ, हे वाचा बरं."

"सत्तावन्न."

"बरोबर. म्हणजे मला दिसतंय ते आहे."

त्यांनी त्या डिस्कवरच्या एकेका फोल्डरचं वजन काढायला सांगितलं आणि मी वहीत बेरीज करत गेलो. बेरीज आली साडेबारा गीगाबाइट. आणि यंत्र म्हणत होतं, जवळजवळ तेवीस भरलेत. दहा गीगाबाइट कुठल्याच फोल्डरात नव्हते.

"सतरा दिवस, रोज दोन तासांच्या आतबाहेर. किती होतात?" बाईंनी स्वतःच विचारलं आणि पेन्सिलीने गुणाकार केला. दहाच्या आसपास आले.

मग बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. गालावर हात ठेवून बसल्या. शेवटी त्यांनी ती छोटी फाइल उघडली. चार ओळी आणि नंतर वाढलेली पाचवी. त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि तिसऱ्या ओळीत एका शब्दाखाली थांबलं.

"हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

शब्द तोच, नोफेल. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि सांगताना स्वतःलाही सांगत होत्या असं मला वाटलं. डिस्क जोडायला एक रिकामं फोल्डर लागतं. ते फोल्डर असतं सिस्टिमच्याच डिस्कवर. त्याच्यावर दुसरी डिस्क जोडली की आपल्याला दिसतं ते त्या डिस्कवरचं सामान. फोल्डरचं स्वतःचं पोट झाकलं जातं. एरवी ते रिकामंच असतं, म्हणून कुणाला फिकीर नसते. पण त्या दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली, केबल कुठेतरी सैल होती, डिस्क सापडली नाही. नोफेल लिहिलेलं, म्हणून यंत्र अडलं नाही, पुढे गेलं. ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामला काय, त्याला त्या नावाचं फोल्डर दिसलं, त्याने त्यात लिहिलं. सतरा दिवस लिहिलं. आणि मंगळवारी बाईंनी केबल दाबली, डिस्क सापडली, जोडली गेली, आणि नेमकी त्या सतरा दिवसांच्या डोक्यावर जाऊन बसली.

"म्हणजे ते आहे?" मी विचारलं.

"असायला हवं. काढल्याशिवाय कसं सांगू?"

त्यांनी डिस्क सोडवायचा हुकूम दिला. यंत्राने नकार दिला, डिस्क वापरात आहे म्हणून. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. आदल्या दिवशीपासून ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम उघडाच होता. तो बंद केला. पुन्हा हुकूम दिला. या वेळी यंत्र काहीच बोललं नाही. ते गप्प राहिलं की काम झालं, एवढं मला तोवर समजायला लागलं होतं.

मग त्यांनी फोल्डर उघडलं. तारखांची यादी खाली खाली उलगडत गेली.

"मोजा," बाई म्हणाल्या.

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. सतरा होत्या. मी खुर्चीवर बसलो तो बसलोच. बाईंनी ना टाळी वाजवली ना काही. बाहेरची डिस्क लावली, सगळं आधी तिच्यावर उतरवून घेतलं, उतरवलेलं आणि मूळ सारखंच आहे ना ते यंत्राकडून तपासून घेतलं, आणि मगच कच्च्या ध्वनिमुद्रणाची डिस्क पुन्हा जोडून तिच्यावर त्याच्या जागी ठेवलं. तोवर साडेदहा झाले होते.

"शेवटची लावून बघू?" मी विचारलं.

त्यांनी शेवटच्या शनिवारची फाइल शेवटाकडे नेऊन लावली. काका वाचत होते. खर्जात गेलेला, कडा झिजलेला आवाज, पण शब्द एकेक सुटा. जहाज बंदराला लागतं, स्वयंपाकी भांडी घासून उलटी ठेवतो, इथे पुस्तक संपतं.  मग कागदांची सळसळ आणि काकांचा आवाज, वाचण्याचा नव्हे, बोलण्याचा. "झालं बघा. पंखा लावा आता." आणि पाठोपाठ माझं "हो हो" आणि बटणाचा खट्ट आवाज.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी खिडकीकडे बघत राहिलो. ती खिडकी बंद होती, तरीही.

इंजिनियर अकराला आला. बाईंनी त्याला आणि साहेबांना समोर बसवून सगळं सांगितलं, केबलीपासून. शेवटी म्हणाल्या, "साहेब, यात भाऊंचा काही दोष नाही. यंत्र अडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. ते अडू नये म्हणून जो शब्द लिहिला तो मी लिहिला. लेखी द्यायचं असेल तर देते."

त्यांनी हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. साहेबांना त्या फाइलमधलं ओ की ठो समजत नव्हतं. शोधून काढलं म्हणून कौतुक घेऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या.

साहेब थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "तो शब्द लिहा असं तुम्हाला मीच सांगितलं होतं एका अर्थी," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "तुम्ही चहा घेतलात का सकाळपासून?" साहेबांची माफी मागायची ती पद्धत होती. मी म्हटलं, नाही घेतला. त्यांनी स्वतः खाली जाऊन चार चहा सांगितले.

इंजिनियरने फाइल नीट वाचली. त्याला पुसून नवं बसवायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटलेलं दिसलं नाही. "शब्द चुकीचा नाही," तो बाईंना म्हणाला, "फक्त अर्धंच काम झालंय. डिस्क नसेल तेव्हा ते रिकामं फोल्डर कुलूपबंद हवं. मग कुणी लिहायला गेलं की तिथल्या तिथे बोंब होते." कसं करायचं ते त्याने सांगितलं, पण कीबोर्डला हात लावला नाही. बाईंनीच डिस्क सोडवली, फोल्डरला कुलूप घातलं, डिस्क नसताना ध्वनिमुद्रण सुरू करून पाहिलं. लाल दिवा लागला नाही. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ आली. "आता कसं!" बाई म्हणाल्या आणि डिस्क पुन्हा जोडली.

आठवड्याने आम्ही दोघं काकांना भेटायला दवाखान्यात गेलो. गळ्याला पट्टी, अंगावर चादर, मांडीवर वही आणि पेन. काकू उशाशी बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "काका, एक सांगायचंय. तुमचे सतरा दिवस आमच्याकडून एक दिवसभर हरवले होते. सापडलेत आता सगळे. पण हरवले होते."

मला वाटलं, सांगायची काय गरज होती? पण काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कुठे सापडले ते खुणेने विचारलं, बाईंनी सांगितलं तेव्हा मान डोलावत राहिले. मग वही ओढून लिहिलं. अक्षर मोठं आणि सरळ होतं. "पान ४१२ वर शिंकलो होतो. काढलंत?"

"अजून तिथपर्यंत आलेच नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी खाली लिहिलं, "काढा. स्वयंपाक्याची वाटेल."

काकू हसल्या, मग आम्हीही. काकांचं हसणं फक्त खांद्यांत दिसत होतं.

पुस्तक दोन महिन्यांनी तयार झालं. माझ्या खिडकीतून ते पहिल्या वर्षात साठ-सत्तर वेळा तरी गेलं असेल. एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर ते दोनदा घेऊन गेले. दुसऱ्यांदा परत करताना म्हणाले, "उत्तरार्धात आवाज बदललाय वाचणाऱ्याचा."

मी म्हटलं, "हो, तब्येत बरी नव्हती त्यांची."

"बदललाय म्हणजे वाईट नाही म्हणत मी. जवळ आल्यासारखा वाटतो." असं म्हणून त्यांनी काठी उचलली आणि दार चाचपत बाहेर पडले.

बाई त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाल्या. त्या चार वर्षांत त्यांनी मला ती फाइल वाचायला शिकवली. आधी म्हणायचो, माझ्या डोक्यात शिरणार नाही. त्या म्हणायच्या, "सहा रकाने आहेत. देवघेवीच्या रजिस्टरला नऊ असतात, ते कसे शिरले?" त्यांनी माझ्याकडून प्रत्येक ओळ कागदावर हाताने लिहून घेतली, पेन्सिलीने खुणा केल्या, पुन्हा लिहायला लावली. अगदी शाळा.

शेवटच्या दिवशी नवीन डिस्क आली होती. निरोपाचं बोलणं दुपारीच आटोपलं होतं, साहेब दोन शब्द बोलले, बाई त्याहून कमी बोलल्या. चार वाजता त्या पिशवी भरून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ती ओळ तुम्ही लिहा. मी बघते."

मी लिहिली. छत्तीस अक्षरं बघून बघून उतरवली. फोल्डर केलं, त्याला कुलूप घातलं, मग ओळीत ते नोंदवलं. बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या. चौथ्या रकान्यापाशी त्यांनी बोट ठेवलं. "इथे स्वल्पविरामानंतर जागा सोडलीत. सोडायची नसते. तो पुढचा रकाना समजेल." मी ती जागा काढली. मग यंत्र बंद न करताच, फाइलमधल्या सगळ्या ओळींप्रमाणे डिस्का जोडून बघायचा हुकूम दिला. यंत्र काही बोललं नाही.

"झालं," मी म्हटलं.

"आता एकदा बंद करून सुरू करा. माणसं बघत असताना सगळेच नीट वागतात."

बंद करून सुरू केलं. सगळ्या डिस्का जागच्या जागी होत्या. बाईंनी मान हलवली, पिशवी उचलली आणि आम्ही खाली उतरलो.

खाली अंगणात त्यांचे यजमान न्यायला आले होते. आम्ही पोचलो तर ते नळाशी उकिडवे बसलेले, नळाची मान उघडलेली, मुख्य पाणी बंद केलेलं.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या.

"टपकत होता. नुसतं उभं राहून काय करू?"

"आज तरी..."

"दहा मिनिटं. वायसर आहे खिशात."

मग बाई पायरीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी शेजारी उभा राहिलो. यजमानांनी जुना वायसर काढून उजेडात धरून पाहिला, फेकून दिला, नवा बसवला, दोरा गुंडाळला, नळ आवळला, पाणी सोडलं. थोडा वेळ आम्ही तिघंही नळाकडे बघत राहिलो. थेंब आला नाही. त्यांनी ओले हात विजारीला पुसले, बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं फाटकाकडे चालू लागली.